फोन उचलला नाही, एवढंच

पावसाळ्यात सिद्धेश्वरला कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, "वरून किती सोडलं?" वर म्हणजे येलदरीला. पूर्णेवर आधी जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण, आणि त्याच्या खालच्या अंगाला आमचं सिद्धेश्वर. येलदरीचं पाणी आमच्या जलाशयात उतरतं आणि इथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारांत जातं. वर जोराचा पाऊस झाला की नदीकाठच्या गावांत सावध राहण्याचा निरोप फिरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'विसर्ग' हा शब्द ठळक छापून येतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही इथे विसर्ग कळतो. आलेलं पाणी नुसतं अडवून धरायचं नसतं, आणि सगळी दारं एकदम उचलून खालची गावं बुडवायचीही नसतात. किती आलंय ते आधी बघायचं, मग दार किती उचलायचं ते ठरवायचं.

ही पुस्तिका ज्यांच्यासाठी लिहिली आहे, त्यांच्या आयुष्यात हे मधलं बघणंच राहून जातं.

एक साधा प्रसंग सांगते. तो कुणा एकीचा नाही. समोर बसलेल्या अनेकींच्या, आणि काही मुलांच्याही, सांगण्यातून तो जुळला आहे. नवरा चाकणला कंपनीत, ती इथे सासरी. दुपारी तिनं फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. पहिल्या मिनिटाला काळजी, तिसऱ्या मिनिटाला खात्री की याला मी नकोशी झाले, पाचव्या मिनिटाला अंगाची लाही, मग एकामागून एक वीस मेसेज, शेवटी "आता माझं तोंड पाहू नकोस". सासू काही बोलली तर तिच्यावर भांडं भिरकावलेलं. आणि मग न्हाणीघराचं दार आतून बंद. अर्ध्या तासानं फोन येतो: शिफ्ट चालू होती, मोबाइल लॉकरमध्ये होता. तेव्हा तिला जी शरम वाटते तिचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. घरातले म्हणतात, नाटकं आहेत. शेजारची म्हणते, बाहेरचं असेल, कुणाला तरी दाखवा. आठवडाभरानं पुन्हा तेच.

या अवस्थेला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. १९३८ साली अॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकेतल्या मनोविश्लेषकानं 'बॉर्डरलाइन' हा शब्द अशा रुग्णांसाठी वापरला, कारण त्या काळच्या समजुतीनुसार ही माणसं सौम्य आणि तीव्र मनोविकारांच्या सीमेवर उभी होती. ती समजूत मागे पडली, नाव चिकटून राहिलं. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला अधिकृत जागा मिळाली. मराठीत 'सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार' असं लिहितात. मला तो शब्द आवडत नाही. सीमावर्ती म्हटलं की आपल्याला बिदर-बेळगाव आठवतं, दुखणं कळत नाही. आणि 'व्यक्तिमत्त्व विकार' ऐकल्यावर रुग्णाला वाटतं, माझं माणूसपणच बिघडलंय. म्हणून या पुस्तिकेत आम्ही बहुतेक ठिकाणी नुसतं 'बीपीडी' म्हटलं आहे.

निदानासाठी नऊ लक्षणं ठरलेली आहेत आणि त्यांतली किमान पाच असावी लागतात. कुणी आपल्याला टाकून जाईल ही जीवघेणी भीती. आज देव वाटणारं माणूस उद्या राक्षस वाटणं. आपण नेमके कोण हेच पक्कं नसणं. आतून पोकळ वाटणं. विचार न करता पैसा, नाती, जीव पणाला लावणं. स्वतःला इजा करणं किंवा मरणाची भाषा. न आवरणारा संताप. तासातासाला बदलणारी मनःस्थिती. आणि फार ताण आला की सगळं स्वप्नातलं, परकं वाटणं किंवा सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं. 'मूड बदलतात' एवढं ऐकून बायपोलरची गोळी सुरू झालेली माणसं मी पाहिली आहेत. बायपोलरमधले चढउतार बहुधा दिवसांचे, आठवड्यांचे असतात. इथले तासांचे असतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्या मुळाशी एखादं नातं असतं. निदान डॉक्टरांनीच करायचं. हे पान वाचून सुनेवर शिक्का मारण्यासाठी ही पुस्तिका नाही. आणखी एक: दवाखान्यात बायका जास्त दिसतात म्हणून हा बायकांचा आजार समजला गेला, पण समाजात जाऊन केलेल्या मोठ्या पाहणीत स्त्री-पुरुषांत फारसा फरक आढळला नाही. पुरुष दारूच्या किंवा मारामारीच्या नावाखाली झाकले जातात.

हे का होतं याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहन यांचं आहे. काही मुलं जन्मतःच हळवी असतात. त्यांना लवकर लागतं, जास्त लागतं आणि ते शमायला वेळ लागतो. भाजलेल्या माणसाला वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही, तसं त्यांचं मन. एवढ्यानं आजार होत नाही. पण अशा मुलाला वर्षानुवर्षं "तुला काही होत नाहीये", "रडायला काय झालं", "सोंग करू नकोस" हेच ऐकायला मिळालं, किंवा त्याहून वाईट म्हणजे मारहाण, अत्याचार वाट्याला आला, तर त्याला स्वतःच्या भावनेचं नावही कळेनासं होतं. हळू बोललेलं कुणी ऐकत नाही, ओरडल्यावरच घर गोळा होतं, हे मात्र ते नकळत शिकतं.

ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक मुलींची नावं समारंभानं बदलण्यात आली. त्यांचं आधीचं नाव होतं नकोशी. शाळेच्या हजेरीपटावर रोज सकाळी 'नकोशी' अशी हाक आणि रोज 'हजर' असं उत्तर. त्या मुलींना हा आजार झाला असं मी म्हणत नाही. पण बीपीडीची बाई जेव्हा "मी कुणालाच नकोय" म्हणते, तेव्हा हा शब्द तिनं हवेतून काढलेला नसतो, तो आपल्या घराघरांत वापरात होता. ज्यांना ते नाव कागदावर मिळालं नाही, त्यांतल्या कितीतरी जणींना नजरेनं मिळालं.

लिनहन यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही पुस्तिका त्यांच्या कामावर उभी आहे. १९४३ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा इथे जन्म. १९६१ साली, सतराव्या वर्षी, त्यांना कनेक्टिकटमधल्या एका मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्या तिथे होत्या. स्वतःला इजा करत होत्या म्हणून एकांताच्या खोलीत ठेवल्या गेल्या. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, विजेचे झटकेही दिले गेले. या नरकातून बाहेर पडले तर इतरांना काढायला परत येईन, अशी शपथ त्यांनी तिथे घेतली होती. पुढे सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या आणि सतत मरणाच्या काठावर उभ्या असणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, बांधली. पण आपण स्वतः कधीकाळी रुग्ण होतो हे त्यांनी २०११ पर्यंत जाहीर केलं नाही. एका रुग्ण स्त्रीनं त्यांच्या हातांवरचे व्रण पाहून विचारलं होतं, तुम्हीही आमच्यातल्याच का? त्या प्रश्नानं त्यांचं मौन सुटलं, आणि ज्या रुग्णालयात त्या सतराव्या वर्षी बंद होत्या, तिथेच जाऊन त्यांनी ते सांगितलं.

डीबीटी बांधण्याआधी त्यांना काय अनुभव आला होता? रुग्णाला नुसतं "बदल" म्हटलं की ती उठून जाते, कारण तिनं आयुष्यभर हेच ऐकलेलं असतं. नुसतं "तू आहेस तशी छान आहेस" म्हटलं तरी चिडते, कारण तिला होणाऱ्या यातना छान नसतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी: तू जशी आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलावंही लागेल. हा मान्य करण्याचा भाग कसा शिकवायचा, याचा शोध त्यांना झेनकडे घेऊन गेला. एका झेन मठात आणि विलिगिस येगर या बेनेडिक्टाइन साधू असलेल्या झेन गुरूंकडे त्या शिकल्या. मग त्यांनी त्यातलं धार्मिक बाजूला ठेवलं आणि वर्गात शिकवता येतील, घरी करून बघता येतील अशी छोटी छोटी कौशल्यं काढली. डीबीटीचा पाया ती आहेत. त्यांना इंग्रजीत माइंडफुलनेस म्हणतात.

हा शब्दही मूळचा इकडचाच. पालीतल्या 'सति'साठी १८८१ मध्ये र्‍हीस डेव्हिड्स यांनी माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द योजला. सति म्हणजे संस्कृतातली स्मृती, आठवण; आपण आत्ता काय करतो आहोत याची आठवण. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला घर सोडून सिंहलद्वीप-ब्रह्मदेशापर्यंत गेले आणि हा विचार त्यांनी मराठीत आणला. १९५६ नंतर तर आमच्या जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवरच्या बुद्धविहारात अष्टांगिक मार्गातली 'सम्यक स्मृती' लहान मुलंही म्हणू लागली. आणि कुठल्याही धर्माशी संबंध नसलेली आजीसुद्धा संतापलेल्या नातवाला दटावते, "भानावर ये." आम्ही या पुस्तिकेत 'सजगता' हा शब्द वापरला आहे, पण मनातून मला 'भान'च बरोबर वाटतो. भान हरपतं आणि भानावर येता येतं. आपल्या भाषेला हे दोन्ही आधीपासून ठाऊक आहे.

इथे एक इशारा आधीच देऊन ठेवते, कारण त्यातून नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. सजगता म्हटलं की घरातल्यांना ध्यानाचं शिबिर आठवतं. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं, आणि त्या दहा दिवसांच्या मौन शिबिरांनी असंख्य लोकांना आधार दिला. पण रोज दहा-दहा तास डोळे मिटून बसणं हे बीपीडीच्या माणसाचं पहिलं पाऊल नाही. ज्याच्या अंगात जुन्या माराच्या, अत्याचाराच्या आठवणी दडल्या आहेत, त्याला डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगितलं तर कधी कधी नेमक्या त्याच उसळून येतात. विपश्यना केंद्रंही गंभीर मानसिक आजाराबद्दल आधी विचारतात आणि हे मनोविकारावरच्या उपचाराला पर्यायी नाही असं स्पष्ट सांगतात. मुलीला 'शांत व्हायला' तिकडे पाठवण्याआधी तिच्या डॉक्टरांशी बोला.

डीबीटीतली सजगता शांत होण्यासाठी नाहीच. हे समजायला मला स्वतःला बराच काळ लागला. सुरुवातीला मीही समोर बसलेल्या मुलीला "बरं वाटतंय का आता?" असं विचारत असे, आणि ती "नाही" म्हणाली की सराव फसला असं मानत असे. प्रश्नच चुकीचा होता. विचारायला हवं होतं, "काय दिसलं?"

कारण पहिलं कौशल्य बघण्याचं आहे. छातीत धडधडतंय, हात गार पडलेत, फोन फेकावासा वाटतोय: नुसतं बघायचं. दुसरं, बघितलेलं शब्दांत सांगण्याचं, आणि जेवढं दिसलं तेवढंच. इथेच या पुस्तिकेचं सर्वांत अवघड पान आहे. "त्यानं फोन उचलला नाही" हे दिसलेलं आहे. "त्याला मी नकोशी झाले" हे दिसलेलं नाही, तो मनानं लावलेला अर्थ आहे. हा अर्थ खोटाच असेल असं नाही. पण तो अर्थ आहे, घटना नाही. दोन वाक्यांमधली ही फट दिसायला लागली की विसर्ग ठरवायला जागा मिळते. तिसरं कौशल्य हातातल्या कामात पूर्ण उतरण्याचं. हे आमच्या बायकांना शिकवावं लागत नाही. भजनात टाळ वाजवणारीला, हळद शिजवायच्या दिवसांत कढईपाशी उभी असणारीला, कापूस वेचताना दोन्ही हात चालणारीला ते येतं. फक्त ते कौशल्य आहे हे कुणी तिला सांगितलेलं नसतं.

ही तीन कौशल्यं वापरायची कशी, तर बरं-वाईट न ठरवता, एका वेळी एकच, आणि उपयोगी पडेल ते. भाकर थापताना भाकर. पिठाचा ओलावा, हाताखाली फिरणारी कड, तव्याची धग. मन नवऱ्याच्या फोनकडे गेलं की त्याला रागवायचं नाही, पुन्हा पिठाकडे आणायचं. दोन मिनिटं पुरेत. डोळे उघडेच. फारच परकं, स्वप्नवत वाटायला लागलं तर पाय जमिनीवर दाबायचे, पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची. आवेग शिगेला पोचला की गार पाण्यात चेहरा बुडवून क्षणभर श्वास रोखायचा. त्यानं हृदयाचे ठोके शरीराच्या स्वतःच्या नियमानं मंदावतात. (हृदयविकार असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) हा शेवटचा उपाय डीबीटीत संकट निभावण्याच्या धड्यात येतो, भावना सांभाळणं आणि माणसांशी बोलणं हे आणखी दोन धडे. त्या सगळ्यांत भान हे विहिरीतल्या झऱ्यासारखं खालून चालू असतं.

लिनहन मनाचे तीन भाग सांगतात. भावनेचं मन, हिशोबी मन, आणि दोन्हींचं ऐकून घेणारं शहाणं मन. शहाणं मन प्रत्येकात असतं, बीपीडीच्या माणसातही, असं त्या ठासून म्हणतात. माझा यावर विश्वास बसायला औंढ्याची एक गोष्ट कारणीभूत झाली.

नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव, अशी आमच्या जिल्ह्याची श्रद्धा. आणि सिद्धेश्वरजवळचं औंढा हे त्यांच्या गुरूंचं, विसोबा खेचरांचं गाव. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. नामदेव दुखावले, पांडुरंगापुढे जाऊन रडले, हेही माहीत आहे. पुढचं आपण घाईनं सांगतो. ते औंढ्याला आले तेव्हा विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव चिडले. विसोबांनी उपदेश केला नाही, डोकंही वाजवून पाहिलं नाही. माझे पाय उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव, एवढंच म्हणाले. नामदेवांनी पाय उचलले, ठेवले, आणि काय दिसतं ते स्वतः बघितलं. संतांचा प्रसंग आजाराला जोडण्याचं धाडस मी करत नाही. पण चारचौघांत 'कच्चं' ठरवलेल्या माणसाला पुढे नेमकं काय हवं असतं, ते मला या गोष्टीत दिसतं: हाताला एक काम, आणि बघायला सवड.

डीबीटीचा उपयोग होतो याचा पुरावा किती? १९९१ मध्ये लिनहन यांच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभर डीबीटी घेतलेल्या स्त्रियांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्वतःला कमी वेळा इजा केली, त्या रुग्णालयात कमी दिवस राहिल्या, उपचार सोडून कमी गेल्या. मात्र नैराश्य आणि हताशपणा यांत दोन गटांत तितका फरक पडला नव्हता. मला हा निष्कर्ष फार प्रामाणिक वाटतो. दुःख लगेच ओसरलं नव्हतं. हात थांबला होता. २०१५ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की डीबीटीतला कौशल्यांचा वर्ग काढून टाकला तर उपचाराची ताकद कमी होते. केवळ बीपीडीसाठी म्हणून मान्य झालेली गोळी नाही. सोबतच्या नैराश्यासाठी, झोपेसाठी डॉक्टर औषध देतात, ते मनानं बंद करू नका. आणि हेही लिहून ठेवा: अमेरिकेत मेरी झनारिनी यांनी २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत त्यांतल्या ९३ टक्के लोकांना किमान दोन वर्षं टिकणारा आराम पडला. नोकरी, नाती यांसह पूर्ण सावरलेले निम्मे होते. हा जन्माचा शिक्का नाही.

पूर्ण डीबीटी म्हणजे आठवड्याला एक वैयक्तिक भेट, एक गटवर्ग, अडचणीत फोनवर मदत, आणि उपचार करणाऱ्यांची एकमेकांना साथ. हे सगळं मोठ्या शहरांतही मोजक्या ठिकाणी मिळतं. राज्यातली ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला आणि मनाचं दुखणं हा विषय निदान उंबऱ्यापर्यंत आला. ही पुस्तिका त्या उंबऱ्यावरच्या लोकांसाठी आहे: आशाताई, शिक्षक, आणि सगळ्यात आधी घरची माणसं. ती उपचाराची जागा घेणार नाही. दोन भेटींच्या मधल्या लांबलचक दिवसांत हाताशी राहील.

घरच्यांना तीन गोष्टी आत्ताच सांगते, पुस्तिका नंतर वाचा. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, शक्यतो घराबाहेर, आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे द्या. मरणाचा आवेग पुष्कळदा काही मिनिटांचा असतो. तेवढा वेळ हाताशी काही न सापडणं म्हणजे जीव वाचणं. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या १९९५ नंतर झपाट्यानं घटल्या, त्याचं कारण हेच. दुसरं, पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं आहे. तिला शिक्षा नको, उपचार हवेत. तिसरं, टेलिमानस, १४४१६. फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. हा नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहा.

"नाटक" हा शब्दही कुलपात ठेवा. तिचं म्हणणं खरं मानायची गरज नाही, तिला होणारा त्रास खरा मानला तरी पुष्कळ. "इतकं काय झालं?" याऐवजी "फोन लागला नाही, तू घाबरलीस ना?" असं म्हणून बघा. पुस्तिकेतला पहिला आठवडा म्हणूनच रुग्णाचा नाही, घरच्यांचा आहे. सात दिवस दिसलेलंच बोलायचं, लावलेला अर्थ नाही. "तू नेहमी अशीच" हे वाक्य त्या सात दिवसांत बसत नाही. मी ज्या घरांत हे करून पाहिलं, त्यांतल्या एका घरात तिसऱ्या दिवशी सासरे वैतागले आणि म्हणाले, हे हिच्यापेक्षा मलाच अवघड जातंय. त्या घरात पुढे काम सोपं गेलं.

सरावाच्या वहीतलं एक पान, लिहिणारीच्या परवानगीनं आणि नाव न देता, इथे ठेवते. तेव्हा तिचा पाचवा महिना चालू होता.

"दुपारी सव्वादोन. फोन उचलला नाही. एवढंच. छातीत धडधड. हात गार. मेसेज लिहिला, पाठवला नाही. गॅस बंद केला. रांजणापाशी गेले, तोंडावर पाणी मारलं. वाटलं, नकोशी. लिहिलं: हे वाटलं, दिसलं नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. भांडी घासायला घेतली."

सिद्धेश्वर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली